रोज एक मिलिमीटर वाढणारं घर

जगात दोन गोष्टी कधीच चुकत नाहीत, असं मी मागच्या वर्षापर्यंत छातीठोकपणे सांगायचे. एक म्हणजे माझ्या बाबांची टेप, आणि दुसरी म्हणजे मी! आता मी फक्त माझ्याबद्दल सांगते. तेही बाबा आसपास नसतील तेव्हाच.

माझे बाबा शिंपी. त्यांच्या गळ्यात एक पिवळी, दोन मीटर लांब कापडी टेप असते, ती माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे आणि घरात तिला मान पण माझ्यापेक्षा जास्त आहे. पहिल्या तीनचार आकड्यांची शाई बाबांच्या अंगठ्याने कधीच पुसून टाकली. पण बाबांना आकडे लागतच नाहीत. "टेप हातात असताना दोन तुकडे जोडून बघतो तो शिंपी कसला!" हे त्यांचं ब्रीदवाक्य. दुकानात कुणी दोन बाह्या एकावर एक ठेवून सारख्या आहेत का बघायला लागलं, की बाबा असे बघतात जणू त्याने भर लग्नात नवरीला वय विचारलं!

दुकानात काज-बटण करायला आणि शिवलेल्या कपड्यांचे धागे कापायला माझी आत्या. गळ्यात दोरी, दोरीला बोटभर कात्री. लोंबता धागा दिसला की आत्याचा हात आपोआप उठतो, तिला विचारतसुद्धा नाही. एकदा एका गिऱ्हाइकाच्या शालीच्या सगळ्या दशा सुटे धागे समजून तिने साफ कापल्या होत्या. वर म्हणाली, "केवढं गबाळं काम होतं हो, आता बघा कशी नीट झाली!"

आणि मी. सहा वर्षांची असताना भिंतीवरून पडले आणि डाव्या नडगीचं हाड नेमकं जिथून वाढतं तिथेच मोडलं. उजवा पाय वाढत राहिला, डावा रुसून बसला. फरक किती? तर चार सेंटीमीटर! डाव्या पायात उंच तळाचा बूट. त्यामुळे शाळेच्या व्हरांड्यातून मी चालले की आवाज यायचा, टप-धप, टप-धप. मी वर्गात पोचायच्या आधी माझा आवाज पोचायचा. मला सगळी शाळा 'टपधप' म्हणते. प्रेमानेच म्हणते. पण तुम्ही आठ वर्षं प्रेमाने टपधप होऊन बघा एकदा!

म्हणून परदेशात जाऊन पाय लांब करून घ्यायचं ठरलं. माझी योजना एकदम पक्की होती. नव्या वर्षी शाळेच्या पहिल्या दिवशी त्या व्हरांड्यातून चालत जायचं, टप-टप-टप-टप, आणि कुणी मान वर करून बघायचंसुद्धा नाही. बस. लोकांना लोकांनी आपल्याकडे बघावं असं वाटतं, मला कुणी बघू नये असं वाटत होतं.

निघायच्या आधी बाबांनी माझी शाळेची नवी पॅन्ट शिवली. उजव्या पायाची खालची दुमड घातली, डाव्या पायाची तशीच मोकळी सोडली. म्हणाले, "ज्या दिवशी डावा उजव्याला गाठेल त्या दिवशी ही दुमड घालीन. त्याआधी सुई लावणार नाही." आईने डोळे पुसले. आत्याने मोकळ्या दुमडीचे धागे कापले. आई दुकान बघायला घरी राहिली आणि आम्ही तिघं निघालो.

ऑपरेशनबद्दल फार सांगत नाही, जेवताना वाचत असाल तर उगाच. थोडक्यात, नडगीचं हाड कापलं, भोवती तीन लोखंडी कडी बसवली, कड्यांतून तारा आरपार. मी म्हणजे अर्धी मुलगी आणि अर्धं सायकलचं चाक! कड्यांवर चार पेच. एका छोट्या पान्याने ते दिवसातून चार वेळा जरासे फिरवायचे, टक्. एका टक्ला पाव मिलिमीटर. दिवसाला एक. कापलेल्या हाडांमध्ये फट पडत जाते आणि त्या फटीत नवं हाड उगवतं. चाळीस दिवसांत चाळीस मिलिमीटर. इतकं सोपं!

डॉक्टरांची भाषा आम्हाला येत नव्हती. तपासणीच्या दिवशी हॉस्पिटलात एक दुभाषी बाई यायच्या. त्या आपली भाषा अशी बोलायच्या की जणू फलकावरची सूचना वाचून दाखवताहेत. त्यांनी सांगितलं, "डॉक्टर म्हणत आहेत, पेच नियमित फिरवावा. डावा पाय उजव्याइतका झाल्यावर थांबावे. जास्त फिरवल्यास पाय जास्त लांब होईल. कृपया प्रयोग करू नयेत."

प्रयोग! आमच्या घरात! आम्ही काय तसली माणसं वाटलो?

राहायला हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत एक फ्लॅट मिळाला होता. पाचवा मजला. तिथे माझ्यासारखेच पेशंट येतात आणि जातात. पण आमच्या मजल्यावर कुणीच नव्हतं. लांबलचक बोळ, राखाडी फरशी आणि सगळी दारं बंद. लिफ्ट अधूनमधून आमच्या मजल्यावर येऊन थांबायची, दार उघडायची, कुणी उतरायचं नाही, पुन्हा बंद व्हायची. खिडकीबाहेर धुकं. दिवसभर उजेड असा, की सकाळचे दहा वाजलेत का दुपारचे चार, घड्याळालाच विचारायचं. आणि त्या शांततेत माझा पाना, टक्.

पण सगळ्यात विचित्र होती ती बैठकीच्या खोलीच्या दाराची चौकट. तिच्यावर पेन्सिलीच्या बारीक बारीक रेघा होत्या. एकावर एक, अगदी जवळजवळ. आधीच्या पेशंटने रोज आपली उंची मांडली असणार. मी मोजल्या. सत्तावीस. आणि मग काहीच नाही.

आत्या रेघांकडे बघत म्हणाली, "पुढे काय झालं असेल गं त्याचं?"

"बरा होऊन गेला असेल घरी."

"हं," आत्या म्हणाली. पण तिने वर छताकडे बघितलं. छतावर एक डाग होता. गोल. साधारण डोक्याएवढा.

पहिल्याच दिवशी एक छोटासा अपघात झाला. बाबा माझं माप घ्यायला वाकले आणि टेपचं टोक माझ्या चाकाच्या खुर्चीत अडकलं. टेपच्या टोकाला पितळी पट्टी असते ना, ती निखळून पडली. बाबांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं माझाच पाय निखळला! मग त्यांनी टोक निरखून बघितलं. "कापड शाबूत आहे. घरी गेल्यावर पट्टी बसवू. टेप ती टेपच." आणि सवयीप्रमाणे त्यांनी नव्या जागेतलं सगळं मोजून वहीत लिहून काढलं. पडदा शिवायचा असो वा नसो, बाबा खिडकी मोजल्याशिवाय घरात बसत नाहीत. टेबल, दार, चहाचा कप, भातवाढणी, सगळं वहीत. माझी उजवी नडगी घरीच मोजलेली होती, छत्तीस. डावी, बत्तीस.

आणि सुरू झालं. टक्, टक्, टक्, टक्. संध्याकाळी चहा झाला की बाबा टेप लावायचे, गुडघ्याच्या वाटीपासून घोट्याच्या हाडापर्यंत.

पहिल्या दिवशी संध्याकाळी बाबा म्हणाले, "बत्तीस आणि दोन मिलिमीटर."

"एक," मी म्हटलं. "एक हवा."

बाबांनी परत मोजलं. "दोन!"

दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी सहा. पेच एक फिरायचा आणि पाय दोन वाढायचा! मला तर गुदगुल्या व्हायला लागल्या. मी आहेच तशी! अभ्यासात नसेन, पण हाडात पहिली!

"असं कसं होईल पण, दादा?" आत्याने विचारलं.

"कसं म्हणजे? तिरकं कापलेलं कापड बघितलंस ना? एक बोट ताणलं की दोन बोटं सुटतं. हाडाला एकदा ताणाची गोडी लागली की ते ऐकतं होय!"

दहाव्या दिवशी तपासणी झाली. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर लावला, खूश झाले आणि दोन्ही हातांची बोटं दाखवली. दहा. बाबा गालात हसले. बाहेर आल्यावर म्हणाले, "वीस झालेत. ही मोठी माणसं हाताचं राखून सांगतात. गिऱ्हाइकाला मी नाही का, मंगळवारी देणार असलो तरी शुक्रवार सांगत?"

मला एकदा दोन्ही पाय शेजारी ठेवून बघायचे होते. कड्यांमुळे पाय जवळ येत नव्हते, मध्ये कायम एक उशी असायची. मी म्हटलं, "बाबा, उशी काढून जरा टाचा जोडून बघू या?"

"जोडून?" बाबा म्हणाले. "टेप असताना?"

मी उशी परत सरळ केली. नवरीला वय विचारल्यासारखं वाटलं.

आणि विसाव्या दिवशी टेप म्हणाली, छत्तीस! डाव्याने उजव्याला गाठलं! अर्ध्या वेळात! बाबांनी वही मिटली, उठले, बॅगेतून पॅन्ट काढली. कंबरेपासून टेप लावली, उजव्या पायाला घरी जो आकडा घेतला होता तोच आकडा, खडूची रेघ, आणि सुई. मी इतक्या वर्षांत बाबांना शिवताना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. आत्याने शेवटचा धागा कापला. पॅन्ट घडी करून बॅगेच्या तळाशी गेली. पाना मी खणात टाकला. चार दिवसांनी तपासणी होती, तेव्हा डॉक्टरांना एकदम थक्क करायचं ठरलं.

एकविसाव्या दिवशी संध्याकाळी बाबांनी उगाच, आनंद म्हणून, टेप लावली.

लावली आणि तशीच धरून राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"छत्तीस आणि एक."

"पाना कुणी फिरवला?" आत्या म्हणाली.

कुणीच नाही. पाना खणात होता. मी खण उघडून बघितला, तो तिथे शहाण्यासारखा पडलेला.

बाविसाव्या दिवशी छत्तीस आणि दोन. तेविसाव्या दिवशी तीन. बाहेर धुकं काचेला नाक लावून आत बघत होतं. लिफ्ट आमच्या मजल्यावर आली, थांबली, दार उघडलं, बंद झालं. मी माझ्या पायाकडे बघत होते आणि पहिल्यांदाच मला वाटलं, हा पाय माझा नाही. तो आपल्या मनाने वाढतोय! मला विचारत नाहीये!

"त्यानेपण थांबवलं असेल," आत्या हळूच म्हणाली.

"कुणी?"

आत्याने दाराच्या चौकटीकडे बोट केलं. सत्तावीस रेघा. "त्याने थांबवलं असेल. पण पाय थांबला नसेल." आणि तिघांनीही, अगदी एकाच वेळी, छतावरच्या त्या गोल डागाकडे बघितलं.

"वेडेपणा पुरे!" बाबा म्हणाले. पण आवाज शिलाई सुटल्यासारखा. "उजवा पाय इकडे कर. उजवा छत्तीस आहे. आपण फरक बघू."

त्यांनी उजवी नडगी मोजली. मग टेप पुसली. मग परत मोजली. मग खाली बसले.

"अडतीस आणि तीन."

उजवा! चांगला पाय! ज्याला कडी नाहीत, पेच नाहीत, ज्याला कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं! तोही वाढत होता. दोन सेंटीमीटर तीन मिलिमीटर! म्हणजे डावा धावत होता आणि उजवा पुढे पळत होता, आणि मी जन्मभर टपधपच राहणार होते, फक्त जास्त उंचीवरून!

मी रडले नाही. खोटं कशाला, रडले. पण तेवढ्यात मला एक कल्पना सुचली. संकटात मला कल्पना सुचतात.

"बाबा, तुम्हाला मोजा."

"मला काय झालंय?"

"मोजा तर!"

आत्याने स्टुलावर चढून बाबांना मोजलं. बाबांची उंची वहीत होती एकशे चौसष्ट. निघाली एकशे सहासष्ट आणि तीन मिलिमीटर. बावन्नाव्या वर्षी! बाबांनी स्वतःच्या पायांकडे असं बघितलं, जणू ते उसने आणलेत.

"दादा," आत्या म्हणाली, "टेबल."

टेबल, दोन सेंटीमीटर तीन मिलिमीटरने वाढलेलं. दार, दोन सेंटीमीटर तीन मिलिमीटर. कप, तेवढाच. भातवाढणी, तेवढीच! एवढ्याशा भातवाढणीलाही तेवढंच आणि एवढ्या मोठ्या दारालाही तेवढंच. आमच्या शाळेत खाऊसुद्धा कधी इतका समान वाटला गेला नाही! घर वाढत होतं. रोज एक मिलिमीटर. गुपचूप. आमच्यासकट.

विज्ञानाच्या पुस्तकात लिहिलंय की विश्व प्रसरण पावतं. ते मी घोकलं होतं. पण ते इतक्या लवकर पाचव्या मजल्यापर्यंत येईल असं वाटलं नव्हतं!

मी म्हटलं, "थांबा. पुरावा हवा." बाबांना चौकटीला टेकवून उभं केलं, डोक्यावर वही आडवी धरायला लावली आणि आत्याकडून पेन्सिलीची रेघ मारून घेतली. अठ्ठाविसावी.

चोविसाव्या दिवशी सकाळी, हॉस्पिटलला निघायच्या आधी, बाबा परत चौकटीला टेकले. डोकं बरोबर रेघेवर! एक केससुद्धा वर नाही!

"वाढलो नाही!" बाबा ओरडले. "अगं, मी वाढलो नाही!"

मी टाळ्या वाजवल्या. आत्याने देवाचं नाव घेतलं. मग बाबांचा हात सवयीने गळ्यातल्या टेपकडे गेला. जमिनीपासून रेघेपर्यंत त्यांनी टेप लावली आणि हळूच म्हणाले,

"एक मिलिमीटर जास्त आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी वाढलो. आणि माझ्याबरोबर रेघपण वर गेली. चौकट वाढतेय."

त्यानंतर आम्ही तिघं लिफ्टमध्ये उभे होतो. म्हणजे ते दोघं उभे, मी खुर्चीत. लिफ्टचं छत मला जरा उंच वाटलं.

डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर लावला. या वेळी खूश झाले नाहीत. दिव्याच्या जवळ गेले. चष्मा काढला, परत लावला. काहीतरी बोलले.

दुभाषी बाई म्हणाल्या, "डॉक्टर विचारत आहेत, चार दिवस पेच का फिरवलेला नाही?"

बाबा उठून उभे राहिले. "त्यांना सांगा, सगळं वाढतंय."

"सगळं म्हणजे काय, कृपया?"

"पाय. दोन्ही. शिवाय टेबल, दार, कप, भातवाढणी आणि मी."

दुभाषी बाईंनी ते तसंच्या तसं सांगितलं, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता. डॉक्टरांनी खुर्ची बाबांकडे वळवली.

"डॉक्टर विचारत आहेत, आपण स्वतः काही औषध सुरू केले आहे का?"

"औषध कसलं! हे बघा!" बाबांनी गळ्यातली टेप काढली. डॉक्टरांच्या टेबलावर एक पोलादी पट्टी होती, एक्स-रेवर मापायची, बरोबर तीस सेंटीमीटरची. बाबांनी तिच्यावर टेप लावली, बोट ठेवलं आणि वर बघितलं. चेहरा पांढराफटक!

"बत्तीस आणि चार," ते म्हणाले. "साहेब... तुमची पट्टीपण वाढली."

डॉक्टर पट्टीकडे बघत होते. दुभाषी बाई पहिल्यांदाच भाषांतर विसरल्या. म्हणजे ते वाढणं आमच्या मागे मागे इथपर्यंत आलं होतं!

आणि तेवढ्यात आत्या पुढे वाकली.

"दादा, टोक जरा इकडे कर. धागा लोंबतोय."

कट्.

टेबलावर एक पिवळा, जेमतेम मिलिमीटरभर रुंद तुकडा पडला.

मी त्या तुकड्याकडे बघितलं. बाबांनी तुकड्याकडे बघितलं. डॉक्टरांनी बघितलं. दुभाषी बाईंनी बघितलं. मग आम्ही चौघांनी आत्याकडे बघितलं.

"काय?" आत्या म्हणाली. "पितळी पट्टी गेल्यापासून रोज उसवतंय ते. घाण दिसतं. मी आपली रोज सकाळी नीट करून ठेवते."

"रोज?" बाबांनी विचारलं.

"मग! तुझं लक्ष असतं कुठे!"

घर वाढत नव्हतं, टेप रोज आखूड होत होती. हसू यायला हवं होतं ना? मलाही यायला लागलं होतं. पण डॉक्टर हसले नाहीत. ते दुभाषी बाईंशी बोलत राहिले आणि बाई एकेक वाक्य आमच्यासमोर ठेवत गेल्या. "पाय वीस मिलिमीटर वाढला आहे. चाळीस नव्हे. चार दिवसांत फटीतले हाड घट्ट होऊ लागले आहे. आणखी आठवडा थांबला असतात, तर ते जुळले असते. मग पुन्हा कापावे लागले असते. आता पेच फिरेल की नाही, हे फिरवूनच कळेल."

बाबांनी माझा हात धरला. घर वाढत होतं तेव्हा मला वाटलं होतं, यापेक्षा भीती नाही. पण ती भीती सोपी होती. घर वाढलं तर सगळेच वाढणार होते. ही फक्त माझी एकटीची होती. टप-धप, टप-धप, जन्मभर.

डॉक्टरांनी पाना लावला. पेच हलेना. त्यांनी जोर लावला. मी आत्याचा दंड इतका दाबला की नंतर चार दिवस तिथे माझी चार बोटं होती. आत काहीतरी ओढलं गेलं, खोल, विहिरीतून बादली ओढावी तसं. मी ओरडणार, एवढ्यात...

टक्.

कुठल्याही गाण्यापेक्षा गोड आवाज आहे तो. लिहून ठेवा.

आत्या रडायला लागली. गळ्यातली कात्री काढून तिने माझ्या मांडीवर ठेवली. "घे. घरी जाईपर्यंत देऊ नकोस मला. मागितली तरी." बाबांनी टेपची गुंडाळी केली आणि खिशात ठेवली. टेपशिवाय त्यांची मान मी पहिल्यांदा बघितली. किती बारीक होती!

जाता जाता आत्याने विचारलंच, "आमच्याआधी त्या घरात होता, त्याचं काय झालं हो? सत्तावीस रेघांवर थांबलाय."

दुभाषी बाई म्हणाल्या, "त्यांना सत्तावीसच मिलिमीटर आवश्यक होते. ते आता टपाल वाटतात. रोज बारा किलोमीटर चालतात." मग न विचारताच म्हणाल्या, "छताचा डाग वरच्या मजल्यावरच्या नळाचा आहे."

पुढचे वीस दिवस पाना मीच फिरवला आणि मोजायला पोलादी पट्टी होती. मग हाड भरायला कित्येक महिने लागले. एक दिवस कडी निघाली. मी उभी राहिले आणि खोली वाकडी वाटली. आठ वर्षं मी वाकडी उभी होते, म्हणून मला जग सरळ वाटत होतं!

आणि शाळेचा पहिला दिवस उजाडला. नवे बूट, दोन्ही सारखे. बॅगेच्या तळातून ती पॅन्ट निघाली. आमच्या घरात आरसा आहे तो तोंडापुरता. पॅन्ट चढवली आणि निघाले.

व्हरांडा. टप. टप. टप. टप. मंडळी, काय सांगू! दोन्ही बाजूंचे वर्ग भरलेले, दारं उघडी, आणि एकही मान वर झाली नाही! मी आल्याचं कुणाला कळलंच नाही! मी वर्गात शिरले, बाकावर बसले, तेव्हा कुठे माझी शेजारीण दचकली.

"अय्या! तू कधी आलीस?"

आहाहा! या एका वाक्यासाठी मी हाड कापून घेतलं होतं!

मग तिची नजर खाली गेली. ती माझ्या पायांकडे बघत राहिली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"अगं," ती हळूच म्हणाली, "डॉक्टरांनी जरा जास्तच ओढला की काय गं? आता डावा लांब दिसतोय!"

मी खाली बघितलं. पॅन्टचा उजवा पाय थेट बुटावर. डाव्या पायातून घोटा डोकावत होता. बरोबर दोन सेंटीमीटर! विसाव्या दिवशीची दुमड. वीस मिलिमीटर कापलेल्या टेपने घातलेली. पाय सारखे झाले होते हो! पॅन्ट लंगडी झाली होती!

मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या शाळेत झालं, परदेशी डॉक्टरने टपधपचा पाय प्रमाणाबाहेर वाढवला. दोघातिघांनी टाचा जोडून दाखव म्हणून आग्रह केला. मी दाखवल्या. मला काय, मी शिंपी थोडीच आहे!

शाळा सुटल्यावर तडक दुकानात गेले आणि बाबांसमोर उभी राहिले. आईने काउंटरवरून बघितलं आणि तोंडाला रुमाल लावला. बाबांच्या गळ्यात नवी टेप होती. त्यांचा हात तिच्याकडे गेला, मग थांबला. ते खाली बसले. पॅन्टचे दोन्ही पाय त्यांनी हातात घेतले आणि, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, दोन्ही कडा एकमेकींना जोडून बघितल्या! दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी!

"चुकलं," बाबा म्हणाले. एवढंच. मग त्यांनी डावी दुमड उसवायला घेतली, आणि उसवता उसवता एकदम खांदे हलवून हसायला लागले.

डावी दुमड सुटली. पाय मोकळा झाला. कडेने दोरे लोंबायला लागले.

काज करत बसलेल्या आत्याचा हात गळ्याकडे गेला. कात्री मीच तिला परत दिली होती, माझंच चुकलं.

"हलू नकोस हं," आत्या म्हणाली, "धागा लोंबतोय."

आणि मी पळाले! दुकानाच्या दारातून, रस्त्याने, वळणावरून, मागे आत्या, तिच्या मागे बाबा, "अगं थांब, नाही कापत!" टप-टप-टप-टप-टप-टप, आठ वर्षांत पहिल्यांदा, अगदी समान अंतराने!

पळायला अजून महिनाभर मनाई आहे, हे मला चौथ्या दुकानापाशी आठवलं. डॉक्टरांना कुणी कळवू नका. तसंही दुभाषी बाईंना ते भाषांतर करताना त्रास होईल.